पांढऱ्यापर्यंत किसलेलं लिंबू

रविवारी दुपारी समोरच्या दारातून बिस्किटांचा वास आला की मी हातातलं काम टाकून जायची. चिखलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ओव्हन कुणाकडे? कस्तुराबाई कुकरची रिंग नि शिट्टी काढायच्या, तळाला मीठ पसरायच्या, वर ताटली ठेवायच्या. बाई मूळच्या बीडकडच्या, चाकणच्या एका कंपनीत कँटीनला पोळ्या लाटतात. पण ही लिंबाची बिस्किटं त्यांची नव्हेत, त्यांच्या लेकीची. निशिगंधानं ती मोबाइलवर बघून शिकलेली.

निशिगंधाला धीर म्हणून नव्हता. कंपनीतली फर्स्ट शिफ्ट करून आईकडे आली की उभ्या उभ्या लिंबू किसणीवर घासायची, पार पांढरं निघेस्तोवर. कस्तुराबाई ओरडायच्या, "आगं, वरचं पिवळं तेवढंच घ्यावं. पांढऱ्याला लागलीस की कडू हुतंय." ती नुसती हसायची. बिस्किटं कडूच व्हायची, आणि तिची चिमुरडी स्वरूपा ती मिटक्या मारत खायची.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि निशिगंधा गेली. जावई रविराज शिफ्टमध्ये अडकलेला, म्हणून पोर आजीकडे राहिली.

कस्तुराबाईंनी तिच्यासाठी बिस्किटं केली, अगदी नीट, साजूक तुपातली. पोरीनं एक चावलं नि खाली ठेवलं. "हे आईचं नाही." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी म्हटलं, "भूक लागली की खाईल, कशाला लाड करताय?" माझ्या जिभेला हाड नाही.

मग बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पोरीला स्टुलावर उभं केलं, तिच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवली आणि दोघींनी लिंबू पांढरं निघेस्तोवर घासलं. स्वरूपानं बिस्किट गरम गरमच तोंडात टाकलं. "आईचं," म्हणाली. कस्तुराबाई ओट्याकडे तोंड करून रडल्या. तेव्हापासून दर रविवारी तसंच.

पुढं रविराजनं दुसरं लग्न केलं, नाशिकला नोकरी धरली आणि पोरीला घेऊन गेला. त्याच्या नव्या बायकोत, त्या करिश्मात, खोट काढायला मी टपलेलीच होते, पण मेली सापडेना. पोरीला जीव लावते, कस्तुराबाईंना आई म्हणते. आता भांडायचं तरी कुणाशी?

"मला इसरलं लेकरू तरी चालंल, विजयश्री," कस्तुराबाई म्हणाल्या. "निशिगंधाला इसरू नये."

"मग करिश्माला सांगा ना, लिंबू कसं किसायचं ते."

"नव्या आईला कसं सांगावं बाई, बिस्किटं बिघडवून कर म्हणून?"

दिवाळीच्या सुटीत सगळे भेटायला आले. बाईंनी सकाळपासून लिंबं धुऊन, पुसून ठेवलेली. स्वरूपा आता स्टुलावर आपली आपण चढली. लिंबू हातात फिरवत हलकं हलकं किसायला लागली. कस्तुराबाईंनी तिच्या मुठीवर मूठ ठेवून जरा दाबलं.

"नको ना आजी," पोरगी म्हणाली. "वरचं पिवळंच घ्यायचं. पांढऱ्याला लागलं की कडू होतं. मम्मी सांगते."

कस्तुराबाईंचा हात तिच्या हातावरून निघाला.

"व्हय गं माय," त्या म्हणाल्या. "खरंय तुझं."

बिस्किटं झकास झाली. पोरीनं पोटभर खाल्ली, उरलेली डब्यात भरून नेली. करिश्मा पाया पडली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी आवरायला आत गेले, तर कस्तुराबाईंनी तीच लिंबं पुन्हा घेतली होती. उरलेल्या गोळ्यात पांढरं किसत होत्या. कुकर तापलेलाच होता.

"आता माझ्याबिगर कुणालाच याद न्हाई तिच्या हातची चव," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर संपलंच की."

ताटली निघाली. त्यांनी एक माझ्यापुढं धरलं. मी खाल्लं. कडू जहर होतं. मी म्हटलं, "कस्तुराबाई, मला शिकवा."