सालकिन-एजेने ठोकलेलं निदान

नौरोजच्या सणाला बालवाडीच्या सालकिन-एजेने, म्हणजे सालकिनताईने, माती खाल्ली, ती एका टोपीपायी. आतबाशी गावच्या त्या बालवाडीत मुलांचा नाच होता, भोंगा कानठळ्या बसवत होता, आणि सहा वर्षांचा एर्मेक बोडकाच उभा होता. एजे पडली मास्तरीण, तिला ते कसं खपावं? तिने नमद्याची, दाबलेल्या लोकरीची नवी, खरखरीत काल्पाक टोपी त्याच्या डोक्यावर दोन्ही हातांनी दाबून बसवली. पोराने ती ओरबाडून काढली आणि जमिनीवर भिरकावली.

आमच्याकडे माणूस पडला तर लोक हसतात. काल्पाक पडली तर कुणी हसत नाही. एर्मेकचे आजोबा, गावातले जाणते म्हातारे ओमुरकुल अक्सकाल, उठले. त्यांनी टोपी उचलली, झटकली, कपाळाला लावली. तेवढ्यावर निभावलं असतं. पण एजे नुकतीच नारिन शहराहून शिक्षिकांचं प्रशिक्षण घेऊन आली होती, आणि माइक तिच्याच हातात होता.

"हा मुलगा स्वमग्न आहे," ती गावादेखत म्हणाली. "आमच्या शिकवण्यात खोट नाही."

बालवाडीतली दुसरी बाई म्हणाली, छे, हा एडीएचडी, एका जागी बूड टेकत नाही. दोघींचं जमेना, म्हणून तपासणी समितीकडे अर्ज करायचं ठरलं. शिक्का कुठलाही बसला तरी एर्मेकची रवानगी लांबच्या वसतिशाळेत होणार होती. त्याची आई मॉस्कोत कामाला. घरात म्हातारा आणि तो, दोघंच.

सालकिन काही दुष्ट नव्हती. मेंढपाळाची लेक ती. कानावरची खूण पाहून मेंढी कुणाची हे सांगायची. नाव दिलं की जनावर दावणीला लागतं, हा तिचा लहानपणचा समज, आणि माणसांच्या बाबतीतही तिने तो कधी तपासून पाहिला नव्हता.

अर्जावर सही घ्यायला ती अक्सकालांकडे गेली, तेव्हा एर्मेक गाद्या-रजयांच्या ढिगाखाली शिरून नुसतं डोकं बाहेर काढून पडला होता. गुदमरेल की, असं ती म्हणाली. म्हातारा म्हणाला, तोच मागतो. अंगावर वजन असलं की मांजर होतो. मग त्याने अर्धवट राहिलेली लांडगा-कोल्ह्याची गोष्ट पुढे सुरू केली. ती लांबत गेली, पोरगा हलला नाही. कोल्हा नदीत पडून भिजला, तिथे मात्र त्याने अडवलं.

"आजोबा, नदी तर मघाशी गोठली होती ना?" आणि एजेकडे बघून डोळे मिचकावत, "म्हातारा झालाय."

एजेला हसू आलं, आणि पाठोपाठ रागही. स्वमग्न पोर असं डोळे मिचकावतं? लक्ष नसलेलं पोर गोठलेली नदी ध्यानात ठेवतं?

तेवढ्यात शेजाऱ्याने लाकडं कापायची करवत सुरू केली. एर्मेक कान दाबून उठला, चहाचा वाडगा आजोबांच्या पायावर लवंडला, आणि पोरगा अंगणात भिंगरीसारखा फिरत सुटला. शाळेत दिसायचा तसा, अगदी हुबेहूब. करवत थांबली. तो आपणहून आत आला आणि आजोबांना पाय भाजला का म्हणून विचारू लागला.

एजेने बिनसहीचा अर्ज पिशवीत परत कोंबला.

"का गं पोरी," म्हातारा म्हणाला, "नावाच्या पाट्या संपल्या वाटतं तुझ्या?"

पण दुसऱ्या बाईने परस्पर धाडलेला अर्ज समितीकडे पोचला होता. समितीच्या डॉक्टर मेएरिम आल्या, तेव्हा एजेने घरी पाहिलेलं सगळं सांगितलं आणि टोपी आपणच दाबली हेही सांगितलं. डॉक्टरांनी तिला शाबासकी दिली नाही की झापलं नाही. त्यांनी एर्मेकला घरी पाहिलं, मैदानावर पाहिलं, भोंगा लावून आणि बंद करून पाहिलं.

"आवाज आणि स्पर्श याला आपल्यापेक्षा फार जास्त टोचतात," त्या म्हणाल्या. "स्वमग्न मुलांनाही टोचतात, चंचल मुलांनाही, फसगत होते ती तिथेच. पण गोंगाट थांबला की याचं लक्ष टिकतं, आणि माणसांशी याचं सूत जमतं. गावातच शिकू द्या. पुढल्या वर्षी परत बघते. आज शपथेवर काही सांगत नाही."

शाळेत त्याला घंटेपासून लांबचा कोपरा मिळाला आणि लोकरीऐवजी सुती टोपी चालेल असं ठरलं. तरी जेवणघरातली भांडी आदळली की तो अजून बाहेर पळतो.

एर्मेक गावातच राहणार ही बातमी घेऊन एजे स्वतः अक्सकालांकडे गेली होती. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

"आज माइक नाही आणलास?" एवढंच तो म्हणाला. मग आत जाऊन त्याने घट्ट सायीचा भरलेला वाडगा तिच्या हातात ठेवला.

साय कधीच संपली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायची आमच्यात रीत नाही, आणि त्यात काय घालावं हे एजेला सुचत नाही. परवा तिने कणकेचे बोरसोक तळले होते, पण ते जरा जास्तच लाल झाले. मग वाडगा परत करायचा राहिलाच.