वरलक्ष्मीचा श्वास

तेनालीत लग्न ठरलं की ब्लाऊज शिवायला बाया वरलक्ष्मीकडेच यायच्या. हात चांगला होताच, पण माप घेता घेता ती नवरीच्या कानाशी काहीबाही बोलून तिला हसवायची. त्या बोलण्यासाठीही बाया यायच्या.

पुढे शुगर वाढली, गुडघे मशीन मारू देईनात. गल्लीतल्या निम्म्या लोकांसारखा तिनंही भात सोडला. अंडी, पालेभाजी, सकाळी चमचाभर खोबरेल. नवरा सांबय्या आंबाडीच्या चटणीशी भात कालवायला लागला की ती उठून आत जायची. पण शुगर उतरली, गुडघे हलके झाले.

मग माप घेताना बाया मान फिरवू लागल्या. सौजन्या नावाच्या नवरीची आई तर दारातूनच म्हणाली, "अक्का, हिचा जुना ब्लाऊज ठेवून जाते. त्यावरूनच शिवा."

वरलक्ष्मीनं सांबय्याला खोदून खोदून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "येतो वास. पिकून उतरलेल्या फळासारखा. पण तुझी शुगर उतरलीय, मी कुठल्या तोंडानं बोलू?"

लवंग झाली, वेलदोडा झाला, जीभ खरवडून सोलवटली. दातांच्या डॉक्टरनं सांगितलं की दात ठणठणीत आहेत. अंगातली चरबी जळते, तिचा वास श्वासातून येतो. पाणी भरपूर प्या, थोडा भात खाऊन बघा. पाण्यानं वास जरा दबला, पण गेला नाही. मूठभर भात सुरू केला, तर वास गेला आणि शुगर पुन्हा चढली. भात पुन्हा बंद झाला.

सौजन्याचा ब्लाऊज काखेत आवळ झाला. जुना ब्लाऊज शिवल्यानंतर मुलगी अंगानं भरली होती. वरलक्ष्मीच्या हातचा ब्लाऊज असा कधी परत आला नव्हता. सौजन्या एकटीच आली आणि हात वर करून उभी राहिली. वरलक्ष्मीनं ओठ घट्ट मिटले, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चाचपडत टेप धरली.

"अक्का, रागावलात माझ्यावर?" पोरीनं विचारलं.

वरलक्ष्मीनं नुसती नकारार्थी मान हलवली. आकडा बघायला वाकावं लागलं, तेव्हा श्वास रोखून धरला.