गुरुजींची राखण

त्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा आधी डोळ्यांत भरलं ते हे, की वर्गांना दारंच नव्हती. चौकटी होत्या, बिजागऱ्या होत्या, कडीसाठी भिंतीत भोकंही होती. दारं तेवढी काढून ठेवलेली. व्हरांड्यात विटांवर ती आडवी टाकली होती आणि त्यांच्यावर पोरांच्या खिचडीच्या ताटल्या रचलेल्या होत्या.

मी नांदेडात वाढलेली, त्यात तोंडाची फटकळ. आठवडाभर कसंबसं गप्प बसले आणि मग मुख्याध्यापकांना विचारलंच, "गुरुजी, दारं कामून काढलीत?" ते खडूचा तुकडा खिशात टाकत म्हणाले, "हवा येती." एवढंच. शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला. गावातली पोरं एरवी कुणालाही सर म्हणायची, पण त्यांना मात्र गुरुजी.

गाव निलंग्याच्या बाजूचं. भूकंपानंतर सरकारनं नव्यानं वसवलेलं, म्हणून सरळ गल्ल्या आणि एकासारखी एक घरं. जुनं गाव थोड्या अंतरावर, नुसते दगडांचे ढीग आणि त्यांत माजलेल्या बाभळी. माझा जन्म त्या भूकंपानंतरचा. माझ्यासाठी ती मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट होती, आणि खरं सांगायचं तर ऐकून कंटाळा आलेली.

बिनदाराच्या वर्गात शिकवणं म्हणजे चेष्टा नव्हती. थंडीत पोरं काकडायची, सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की सगळा भुसा आमच्या डोक्यावर. एकदा एका शेळीनं आत येऊन भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता खाल्ला. माझ्या पहिलीच्या आधी तिची बाराखडी पूर्ण झाली, असं मी गुरुजींना म्हटलं. ते हसले, पण दार काही बसवलं नाही.

आणि मग ती राखण. शेतात पाखरं राखायला बसतात तशी राखण. रोज परिपाठ झाला, प्रार्थना, सुविचार, पाढे म्हणून झाले, की गुरुजी विचारायचे, "आज राखण कुणाची?" ज्याची पाळी ते पोर तिसरी-चौथीच्या उंबऱ्यावर बसायचं. शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास. पाणी हललं की पोरानं ओरडायचं, व्हरांड्यातल्या लोखंडी पट्टीवर टोला हाणायचा आणि सगळ्यांनी हातात हात धरून मैदानातल्या कडुलिंबाखाली पळायचं. दर शनिवारी याचा सराव व्हायचा. तिथं गुरुजी डोकी मोजायचे. एखादं लघवीला गेलेलं असलं आणि एक डोकं कमी भरलं, की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ते पोर चड्डी सावरत येईपर्यंत मोजणी थांबायची नाही.

मला हे खूळ वाटायचं. आमची शाळा भूकंपानंतरच बांधलेली, गजांनी जखडलेली. आख्ख्या तालुक्यात कुठं निर्धास्त बसावं तर तिथंच. पण एका दुपारी जमिनीतून गडगड आली. त्या भागात असे आवाज अधूनमधून येतात. माझ्या पायांना काही कळायच्या आतच उंबऱ्यावरची पोरगी ओरडली आणि पट्टीवर टोले पडले. आम्ही सगळे लिंबाखाली. पुढं काहीच झालं नाही, भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही. मात्र गुरुजींचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्या पोरीला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची नजर लई पक्की हाय. आजपासून राखण हिच्याकडंच." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी चौथीतली, हुशार, दोन वेण्या आणि पुढचा एक दात अर्धा तुटलेला. तिचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन गुरुजींच्या पाया पडून गेला. लेकीला मान मिळाला म्हणून सगळं घर खूश होतं.

त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत ती उंबऱ्यावर बसली. फळ्याकडे निम्मी पाठ, डोळे ग्लासावर. शिकायची मात्र सगळं. नुसत्या कानांनी ऐकून भागाकार अचूक सांगायची. मला दिसत होतं ते वेगळंच. शाळेत दार असलेली खोली एकच, ऑफिसची. तिथून खडू आणायला पाठवलं की ती आधी दारात स्वतःची चप्पल अडकवायची, मग आत जायची, पळत. तिची आई बोअरवर भेटली तेव्हा सांगत होती, "घरात झोपतच न्हाई वो मॅडम, थंडीतबी अंगणातच टाकती अंथरूण."

मी गुरुजींना गाठलं. म्हटलं, तिची राखण बंद करा, पोरगी भ्यायला लागलीय. पोरं खिचडी खाऊन ताटल्या धूत होती, ते लिंबाखाली बसले होते. "भ्यालेलं लेकरू जितं राहतंय, बाई," ते म्हणाले. आणि मग, मी न विचारताच, त्यांनी ते सांगितलं.

तेव्हा ते नवीन मास्तर होते, जुन्या गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. पहाटे जमीन हलली तेव्हा त्यांची खोली पडली नाही, पण भिंत कलून चौकट दबली आणि दार अडकलं. बाहेरून कडी नव्हती की कुलूप नव्हतं, तरी उघडेना. शेजारच्या घरातली दोन भावंडं त्यांच्याच वर्गात होती. ती ढिगाऱ्याखालून हाका मारत होती, "गुरुजी, गुरुजी". दुसऱ्या कुणाला नाही, यांनाच. ते दाराला धडका देत राहिले. लोकांनी येऊन दार फोडलं तेव्हा हाका थांबल्या होत्या.

"त्या दारावर माझा लई राग हाय," गुरुजी म्हणाले आणि उठून ताटल्या मोजायला गेले.  राखणीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. जाताना ते नव्या मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाले, "दारं बसवू नका." जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दारं बसली होती. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमची शाळा चौथीपर्यंतच. पोरगी पाचवीला निलंग्याच्या मोठ्या शाळेत गेली. तिथं वर्गाला वर्ग लागून, बाहेर कायम गोंगाट, म्हणून तास सुरू झाला की शिक्षक दार लावून आतून कडी घालायचे. पहिल्याच दिवशी कडी लागताच पोरगी ओरडत उठली आणि शिक्षकांना ढकलून बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. मग तिला समजावलं, रागावलं, एकदा हात धरून बसवलं, तर तिला ओकारी झाली. वर्गातली पोरं तिला हसायला लागली. शाळेनं बापाला बोलावून सांगितलं, आम्ही एका पोरीसाठी दार उघडं ठेवू शकत नाही, चाळीस पोरं आहेत.

बाप दाखल्याची चौकशी करायला माझ्याकडे आला. त्याचा आवाज अगदी खाली गेलेला. "ह्या आठवड्यात बसली तर बसली, मॅडम. न्हाई तर काढून आणतो. तिच्या नशिबात शिक्षण न्हाई म्हणायचं. आईसंगं रानात जाईल." तो दुष्ट माणूस नव्हता. अशा घरी बसलेल्या पोरींचं पुढं काय होतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दोन-तीन वर्षं रानात, मग पाहुणे बघायला येतात.

मी तशीच गुरुजींच्या घरी गेले. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी, थांबता आलं नाही म्हणून, म्हटलं, "गुरुजी, ही भीती तुम्ही दिलीय तिला." त्यांनी हातातली शेंग फोडली नाही, तशीच टोपलीत टाकली. 

"दार लावत्यात का तिथं?"

"लावतात."

"कडी?"

"कडीपण."

"मंग मी बसतो तिच्यासंगं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. निलंग्याच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, गुरुजींना एक दिवस बसा म्हणाल्या. शेवटच्या बाकावर पोरगी आणि तिच्या शेजारी गुरुजी. बाक बुटका, त्यांचे गुडघे फळीला टेकलेले. मी बाहेर खिडकीपाशी उभी राहिले. पोरीनं दप्तरातून पाण्याची बाटली काढली, बाकावर समोर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. ग्लास नव्हता, म्हणून बाटली.  शिक्षकांनी दार लावलं, कडी घातली आणि फळ्यावर अपूर्णांक लिहायला लागले.

पोरगी उठली नाही. दोन्ही हातांनी बाक धरून बसली, पण बसली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात तिच्या बाटलीतलं पाणी हलायला लागलं.

मीही क्षणभर पायाखाली बघितलं. जमीन शांत होती. पोरीचं तोंड उघडलं, आता ती ओरडणार. मग तिची नजर बाटलीवरून बाकाच्या फळीवर आणि फळीवरून खाली गेली. गुरुजींचे पाय थरथरत होते. गुडघ्यांनी बाक हलत होता आणि बाकानं पाणी. ते सरळ दाराकडे बघत होते, कपाळावरून घाम गळत होता, ओठ घट्ट मिटलेले. इतक्या वर्षांत बंद दाराच्या आत ते बसलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. ऑफिसातसुद्धा त्यांची खुर्ची नेहमी दाराला आडवी असायची. मी ते रोज बघत होते आणि हवा येते म्हणून असेल, असं समजत होते.

पोरीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. थरथर थांबली नाही. तिनं बाटली उचलून दप्तरात टाकली, त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवलं. वर्गातलं कुणी हसलं नाही. तिनं स्वतः कडी काढली आणि गुरुजींना बाहेर व्हरांड्यातल्या पायरीवर आणून बसवलं.

"गुरुजी, तुमी हितं बसा," ती म्हणाली. "राखण तुमी करा. मी आत शिकते."

ती आत गेली. दार लागलं आणि आतून कडीचा आवाज आला. गुरुजींनी पदरासारखा उपरण्याचा सोगा तोंडाला लावला आणि ते रडले, म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता. मी त्यांच्या शेजारी बसले. "आता हाक मारली तर दार उघडंल ना बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उघडेल. मला स्वतःला किती खात्री होती, कोण जाणे.

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. सकाळच्या एसटीनं पोरीबरोबर यायचे, पायरीवर बसायचे, संध्याकाळच्या एसटीनं तिला घेऊन परत. शिपाई त्यांना चहा द्यायचा. शाळेतली नवी पोरं त्यांना वेडा आजोबा म्हणायची, तेही माझ्या कानावर आलं. तुमच्या उतारवयात हे काय, असं त्यांचा मुलगा लातूरहून फोन करून रागवायचा. पण पोरगी शिकत होती, पहिल्या तिघांत होती, त्यामुळे बापही काही बोलला नाही.

यंदा ती सहावीत गेली. मागच्या महिन्यात ती मला निलंग्याच्या स्टँडवर भेटली. गुरुजी जरा लांब बाकड्यावर बसले होते. खूप वाळले होते, डोळे मात्र आमच्यावर. तिच्या हातात बाटली होती. ती गटागटा पाणी प्यायली आणि तिनं रिकामी बाटली दप्तरात कोंबली. मी हळूच विचारलं, "अजून भीती वाटते का गं आत?"

तिनं आधी गुरुजींकडे बघितलं.

"न्हाई, मॅडम. कवाच गेली. घरातच झोपते आता मी, दार लावून," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण गुरुजींना सांगू नका. मला भ्या वाटत न्हाई म्हणलं, तर त्यांनी कुठं बसावं?"