शुद्ध केलेली धवलं

माझी मावशी धवलारीण होती. आमच्या दांडी गावात लग्नाला भटजी आला तरी हळद, तेल, मांडव, पाठवणी यातलं काहीही तिच्या गाण्यांवाचून पुढे सरकायचं नाही. त्या गाण्यांना आम्ही धवलं म्हणायचो. प्रत्येक विधीचं धवल वेगळं, आणि ती सगळी तिच्या तोंडात. कागदावर एक ओळसुद्धा नव्हती.

मी गावच्या शाळेत शिक्षिका होते. तारापूरला अणुकेंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, आणि लग्नघरी बोईसरहून भोंगा आणून तबकड्या वाजवायची टूम निघाली होती. मावशीसोबत दुसरा आवाज धरणारी बाई वारली, तेव्हा तिच्या जागी बसायला एकही मुलगी तयार होईना. म्हणून आम्ही सात-आठ बायकांनी महिला कलामंडळ काढलं, रीतसर नोंदवलं, आणि लोककलांना सरकारी अनुदान मिळतं असं पालघरला कळल्यावर अर्ज केला. मागणी साधी होती. मुलींसाठी आठवड्यातून दोन दिवस गाण्याचा वर्ग आणि गाणी लिहून काढायचं काम. चिटणीस मी, कारण मंडळात फॉर्म भरता येणारी मी एकटीच.

पहिलं उत्तर आलं, मागील तीन वर्षांच्या कार्यक्रमांचा पुरावा जोडा. वर्तमानपत्रातली कात्रणं चालतील. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी पत्र वाचून दाखवलं.

"पुरावा काय मांगतात?" ती म्हणाली. "नवापूरपावेतो निम्म्या घरांची लग्नं मी गायलीत. त्या बाया पोरंबाळं घेऊन नांदतात. त्यांना नेऊन उभ्या कर."

मी सरपंचांचा दाखला जोडला. मग दुसरं पत्र आलं. गीतांची संहिता शुद्ध मराठीत, तीन प्रतींत सादर करावी, ग्राम्य रूपे टाळावीत.

इथे मी जे केलं त्याचा राग मला आजही येतो, आणि तो आधी माझा मलाच येतो. मी बसून मावशीची गाणी शुद्ध केली. "आमी"चं "आम्ही" केलं, "हाय"चं "आहे" केलं. "पानी" खटकलं म्हणून तिथे "जल" घातलं. नवरीला समुद्राच्या ओटीत घालतात ती ओळ मला फार उघडी वाटली, ती गाळून टाकली. अक्षर चांगलं होतं माझं. ते पाहून मला अभिमानही वाटला. एक प्रत मी मावशीला वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग तिने विचारलं, "ह्ये कोनाचं लगीन हाय?"

"तुझंच गाणं आहे, मावशी. सरकारला असं लागतं."

"सरकारला लागतं तर सरकारचे लग्नात गा."

तरीही मी प्रती पाठवल्या.

पुढे मुंबईच्या कचेरीतून पाहणीला साहेब आले. शाळेच्या वर्गात आम्ही सतरंजी घातली होती, बायका कामं टाकून आल्या होत्या. त्या दिवशी होड्या किनाऱ्याला लागलेल्या, मासळी तशीच टोपल्यांत पडलेली. मावशी आपल्या रीतीने भिंतीला पाठ लावून बसली आणि डोळे मिटून हळदीचं धवल गायला लागली, अर्थात तिच्याच शब्दांत. साहेबांनी माझी संहिता मांडीवर उघडली होती. चार ओळींनंतर त्यांनी हात वर केला.

"पुरे. नाच नाही का? वल्ही हातात घेऊन नाचतात ना तुमच्यात?"

मावशी थांबली नाही. धवल अर्ध्यावर सोडत नाहीत, ज्या घरासाठी गायचं त्या घराला ते बाधतं. मी साहेबांना हे सांगू लागले, तर ते हसून माझ्याशीच बोलायला लागले, बोईसरहून परतीची गाडी किती वाजता म्हणून. ती गात होती आणि ते माझ्याकडून गाडीची वेळ समजून घेत होते. आणि मी सांगितली. गप्प राहायचं सोडून मी वेळ सांगितली.

महिन्याभराने नकार आला. कारण असं होतं: सादर केलेली संहिता व प्रत्यक्ष गायन यांत तफावत आढळली.

मी शाळेतून रजा काढून मुंबईची कचेरी गाठली. तेच साहेब टेबलाशी होते.

"शुद्ध करून पाठवा असं तुम्हीच लिहिलंत," मी म्हणाले.

"हो. मग गाणाऱ्या बाईंनाही ते शिकवायला हवं होतं. चिटणीस म्हणून ती तुमची जबाबदारी."

"त्या साठीच्या पुढच्या आहेत. आणि गाणी त्यांची आहेत."

"म्हणूनच तर म्हणतो, बाई, जरा वळण लावा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

मी तिन्ही प्रती परत मागितल्या. मिळाल्या नाहीत. त्या दप्तरी दाखल झाल्या होत्या. म्हणजे आमच्या गावची धवलं म्हणून सरकारात जे जपून ठेवलेलं आहे ते मी केलेलं आहे, जल-बिल घालून, समुद्र गाळून. मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला बाहेर नेलं. जिना उतरून खाली येईपर्यंत मला बोलायला हवी होती ती सगळी वाक्यं सुचली.

पुन्हा अर्ज केला नाही. घरी येऊन मावशीला सगळं सांगितलं, ओटीची ओळ गाळल्याचंसुद्धा. ती मला एवढंच म्हणाली, "तुला गाता येत नाय, म्हनून तू ते कापलंस."

शाळेच्या कोऱ्या वह्या घेऊन मी तिच्याकडे जाऊ लागले. ती म्हणे तसं लिहायचं, काना-मात्रा तिच्या. कुठे हात अडखळला की ती ती ओळ मला गायला लावायची. पावसाळाभर हे चाललं. पुढच्या उन्हाळ्यात नवापूरला एका लग्नात तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि दुसरा आवाज धरायला सांगितलं. दारात भोंगा वाजत होता. मावशीने नवऱ्या मुलीच्या बापाला तो बंद करायला लावला, आणि आम्ही सुरुवात केली. माझा आवाज दोनदा फाटला. कुणी हात वर केला नाही.