कर्दळीचा चहा

माझ्या दिवंगत आईची कर्दळ मी किसून, उकळून, साखर घालून आठवडाभर प्यालो आहे.

कोथरूडमधला आमचा बंगला पाडून तिथे इमारत होणार होती. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही कडांना आईने कर्दळ लावली होती, लालभडक, पाकळीला पिवळी किनार. आई गेल्यावरही ती दर वर्षी मुकाट्याने फुलायची. पाडकामाच्या आदल्या दिवशी मी तिचे पाच कंद उपटून आणले. दुसरं काही आणावंसंच वाटलं नाही.

घरी आल्यावर कंद घासून धुतले. (मी सगळंच तीनदा धुतो!) त्याच दिवशी आलंही आणलं होतं, तेही धुतलं आणि दोन्ही शेजारी-शेजारी वाळत घातलं. मग त्यातलं एक सोसायटीच्या भिंतीलगतच्या वाफ्यात लावलं आणि दुसरं ओट्यावर ठेवलं.

सकाळचा चहा माझ्याकडे असतो. (निवृत्तीनंतर एवढंच खातं मिळालं.)

"चहाला आल्याचा वासच नाही," बायको म्हणाली.

"हल्ली बाजारात असलंच येतं!" मी ठणकावलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट किसलं. आठवड्याने तिने वैतागून नवं आलं आणलं.

महिन्याभराने वाफ्यात कोंब आले, पानं फुटली. मला भरून आलं. तळमजल्यावरच्या काकूंना मुद्दाम बोलावलं.

"आईची कर्दळ!"

काकूंनी पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. "अहो, कर्दळीला आल्याचा वास कधीपासून यायला लागला?"

मी धावत तीन जिने चढलो. "अगं, आपण आईची कर्दळ प्यालो!"

दोघांनी स्वयंपाकघर पालथं घातलं. कांद्याच्या टोपलीत तळाशी पाचवा कंद सापडला. त्याला इवलासा कोंब होता. आई गेली तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत माझं रडायचं राहून गेलं होतं. ते त्या टोपलीपाशी झालं. (बायकोला आधी वाटलं, कांदे.)

तो कंद वाफ्यात लावला. परवा फूल आलं. लालभडक, पिवळ्या किनारीचं. मी तिथेच फतकल मारून बसलो. आई आत्ता पायरीवरून हाक मारेल, असं वाटत राहिलं.

चहाचं खातं आता बायकोकडे गेलंय. वाफ्यात तिच्या अक्षरातली पाटी आहे: 'ही सासूबाईंची कर्दळ आहे. ह्यांनी फक्त पाहावी. पिऊ नये.'