मामांच्या मोटारीचं पित्त

जगातल्या कुठल्याही बिघाडाचं निदान आपण तीन मिनिटांत करू शकतो, याबद्दल किहीमच्या आमच्या मामांना कधी शंकाच आली नाही. मुंबईच्या एका शेठजींची जुनी मोटार त्यांनी घेतली आणि त्या दिवसापासून ते नारळीचे बागायतदार राहिले नाहीत, वैद्य झाले. इंजिन तापलं की बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पित्त आहे." मग मामीचं लाटणं आणायचे, एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. तेवढ्यात कोणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. लाटणं मोटारीतच राहायला गेल्यावर मामी तांब्याने पोळ्या लाटू लागली. आणि औषध एकच, खोबरेल. दार, कुलूप, स्वतःचे गुडघे, सगळ्यांना तेच. "खाऱ्या हवेत दुसरं काही टिकत नाही रे," असं मला बजावायचे.

पण एकदा प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मोतीबिंदूने मामीला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईत एका डॉक्टरकडे शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यानंतर तो विलायतेला जाणार होता. रेवसहून मुंबईला सुटणारी दुपारची बोट चुकली तर मामीचे डोळे गेल्यातच जमा होते. आम्ही तिघे मोटारीने निघालो आणि अर्ध्या वाटेत, खाडीकाठी, इंजिनातून भसाभसा वाफ निघाली. मोटार निवल्यावर मामांनी पाणी भरलं, नळ्या चाचपल्या, लाटणं लावलं. चालू केली, तर पुन्हा वाफ. मामांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अहो," आत बसलेली मामी म्हणाली, "पंखा भरभरत नाहीये आज. रोज ऐकते ना मी."

मामांनी वाकून पंख्याच्या चामडी पट्ट्याला बोट लावलं, बोट हुंगलं आणि मटकन खालीच बसले. सकाळी त्यांनीच पट्ट्याला खोबरेल चोळलं होतं. पट्टा नुसता घसरत होता, पंखा जागचा हलत नव्हता.

"तुझ्या प्रवासात कुठे अडू नये म्हणून गं," एवढंच ते पुटपुटले.

मग एकदम उठून धावले. काठावर एक कोळी होडीच्या फटी बुजवत होता.

"राळ आहे का रे?"

"हाय की. पन मोटारीला भोक परलं का काय?"

मामांनी नव्या कोऱ्या उपरण्याने पट्टा पुसला, कोळ्याच्या चुलीतली राख चोळली आणि पट्ट्याला पकड यावी म्हणून वर राळेची पूड भुरभुरली. पंखा फिरू लागला. रेवसला बोटीची फळी काढता काढता खलाशांनी आम्हाला वर ओढून घेतलं.

आता मामा नाहीत, मामीही नाही. पण मामीच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली तो दिवस मला विसरता येत नाही. मामी कितीतरी वेळ मामांकडे पाहत राहिली, मग तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अहो, केस केव्हा पिकले हो इतके?"

"तुला दिसत नव्हतं ना," मामा म्हणाले, "तेवढ्यात उरकून घेतलं." आणि तोंड फिरवून धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.