आधी विहिरी

माझी नणंद कॉम्प्युटर दुरुस्त करते. लहानपणी घड्याळ म्हणू नका, शिवणयंत्र म्हणू नका, काहीही उघडून बसायची, म्हणून घरात तिचं नाव खुडबुडी पडलं. आता पन्नाशी आली तरी तेच आहे. तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर तिच्याच अक्षरातली पाटी : ‘बिघडल्यावर परत परत चालू करून बघू नका.’

आमचे हे पाणीखात्यातून निवृत्त झाले आणि शहरातल्या जुन्या विहिरींच्या नोंदी करू लागले. खोली किती, बांधकाम दगडाचं की विटांचं, पाणी गोडं की मचूळ, सगळं कॉम्प्युटरवर. दोन वर्षांनी कॉम्प्युटर अडखळायला लागला, तेव्हा बहिणीला बोलावलं. तिने दुरुस्तीचं बटण दाबलं आणि दोन वर्षांच्या नोंदी गेल्या.

हे तिला एका शब्दानेही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. येणंजाणं, चहापाणी चालूच राहिलं, फक्त ‘खुडबुडे’ अशी हाक बंद झाली आणि आमचा कॉम्प्युटर पुन्हा तिच्या हाती गेला नाही. ह्यांनी पहिल्या विहिरीपासून परत सुरुवात केली. या गोष्टीला सात वर्षं झाली.

मागच्या महिन्यात पुन्हा तेच. फाइल उघडायला पाच-पाच मिनिटं, आणि आतून टक टक आवाज. बाजारातल्या दुकानदाराने वरवर बघून सांगितलं, डिस्क गेली, नवी घ्या, आतलं मिळेल याची खात्री नाही. आत चारशे बारा विहिरी होत्या. दुसरी प्रत विचारली तर हे म्हणाले, करणारच होतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे तसं काही नाही.

ह्यांना न विचारता मीच नणंदेला फोन केला. देवाला एवढंच म्हटलं, विहिरींचं बघ, आणि या दोघांचंही बघ.

तिने आल्या आल्या वैद्यासारखी चौकशी केली. कधीपासून? कुठे आपटला होता का? आवाज सुरू झाल्यावर किती वेळा चालू-बंद केलास? हे खाली बघत म्हणाले, दहा-बारा वेळा.

‘‘दादा, तापाने फणफणलेल्या माणसाला जिना चढायला लावून बघतात का?’’

डिस्क काढून तिने सोबत आणलेल्या स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली, तीही नव्या केबलने. कधी कधी दोष केबलचा असतो आणि नाव डिस्कचं होतं, म्हणाली. पण टकटक राहिलीच. डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद आतल्या आत ठेवते म्हणे. ती तिने वाचली, दहा मिनिटांनी परत वाचली. न वाचता येणाऱ्या जागांचा आकडा वाढला होता. डिस्क गेलेली नाही, पण जाते आहे. कसून तपासायला गेलं तर उरलेला जीव त्यातच जाईल, तेव्हा आधी उतरवून घ्यायचं. सगळ्यांत आधी काय, तिने विचारलं.

‘‘विहिरी,’’ हे म्हणाले. माझी स्तोत्रंही त्याच डिस्कमध्ये होती.

विहिरींचं फोल्डर उघडलं तशी पडद्यावर सूचना आली : डिस्कमध्ये दोष आहेत, दुरुस्त करू का? तिचा हात थांबला.

‘‘हेच दाबलं होतं मी,’’ ती हळूच म्हणाली.

हे खुर्चीत बसले. ‘‘तू नको म्हणत होतीस. आधी प्रत काढू म्हणालीस. मीच डोक्यावर उभा राहून दाब, दाब करत होतो.’’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘हे मी कुणाला सांगितलं नाही.’’

मी दारातच उभी होते. सात वर्षं मी ज्याला राग समजत होते ती शरम होती. आणि मी? एकदा चारचौघांत तिला म्हटलं होतं, आमच्या मिक्सरला तेवढा हात लावू नकोस हो. सगळे हसले होते. तीही हसली होती. खरं काय ते तेव्हाही तिने सांगितलं नाही.

‘‘मग आता बसूनच राहा,’’ एवढंच ती भावाला म्हणाली, आणि तिने ‘नको’ दाबलं.

धान्य निवडताना खडे बाजूला सारावेत तशा अडकणाऱ्या जागा मागे ठेवत, सोपं ते आधी उतरवत ती बसली. जेवायलाही उठली नाही. दुपारपर्यंत चारशे अकरा विहिरी आल्या, मागोमाग माझी स्तोत्रंही. एक विहीर काही येईना. दोनदा प्रयत्न केला, तेवढ्यात टकटक थांबली आणि डिस्क कायमची गप्प झाली. तिने त्यावर क्षणभर हात ठेवला.

बंद पडलेल्या छापखान्यामागची ती विहीर. ह्यांनी कपाटातून मोजायची फीत काढली.

‘‘ती कुठे पळून गेली नाही. उद्या दुकान जरा उशिरा उघड, खुडबुडे. फीत धरायला एक माणूस लागतो.’’

‘‘येते. पण आधी याची दुसरी प्रत,’’ ती म्हणाली.

ती निघाली तेव्हा मी आमचा मिक्सर तिच्या पिशवीत ठेवला. वर्षभर घरघरत होता.